सत्त्याण्णव पावलं

शकील, तुझ्या कबरीपासून समुद्र एकसष्ट पावलांवर आहे. तुझ्या अम्मीला मी नव्वद सांगितलं. तू गेल्यानंतरची ही माझी पहिली थाप, आणि ती पोटात घेऊन मी चाळीस दिवस काढले. तू असतास तर म्हणाला असतास, "भाग्या, मास्तर झालास पण गणित काही सुधारलं न्हाई बे." गणित बरोबर होतं. पावलं आखूड टाकली होती.

गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंचुंगलं लिहितात. मला ते जमायचं नाही. मला तुझा राग आलाय. स्वतःचा त्याहून जास्त आलाय, पण स्वतःवर रागावून माणूस किती वेळ बसणार? म्हणून तुझ्याशी भांडतो. तू उलटून बोलणार नाहीस हे माहीत आहे. जिवंत होतास तेव्हा तरी कुठं बोलत होतास? तीच तर सगळी भानगड आहे.

फोन रविवारी सकाळी आला. मी दिंद्रुडला दारात बसून दाढी करत होतो. पलीकडचा माणूस म्हणाला, जमातीकडून बोलतोय, शेख गुरुजींच्या मोबाईलमध्ये 'भाग्या घर' असं एक नाव आहे, ते तुम्हीच काय? मी घरी परत आलो तेव्हा कधीतरी तू माझं नाव तसं करून ठेवलं असशील. मग त्यानं सांगितलं. सकाळी तू नेहमीसारखा पुळणीवर गेलास, पडलेल्या सुरूच्या खोडाला टेकून बसलास आणि बसलेलाच राहिलास. मासळी घेऊन जाणाऱ्या बायकांना वाटलं, गुरुजी मोजून दमले असतील. कुणीतरी हाक मारली तेव्हा कळलं. बीडला गाडी करून पाठवायचं की इथंच दफन करायचं, घरच्यांना विचारून लवकर सांगा, असं म्हणून तो थांबला.

अर्ध्या तोंडाला साबण तसाच, मी गाडी काढून तेलगाव गाठलं. अम्मी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. ती रडली नाही. सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले आणि मी विचारायच्या आतच बोलली.

"ज्याला जितेपनी घर नको होतं, त्याला आता कशाला आनता? समुद्रच पायजे होता ना त्याला? तिथंच ठिवा."

मी फोन लावून उभा होतो. पलीकडून तो माणूस हॅलो हॅलो करत होता. तेवढ्या वेळात मी एक वाक्य बोललो असतो तर तू आज तेलगावच्या कब्रस्तानात अब्बांच्या शेजारी असतास. वाक्य काही अवघड नव्हतं. अम्मी, त्याला घरीच यायचं होतं, त्याच्या जागेवर मी आलो. एवढंच. पण सात वर्षं जे बोललो नाही ते साबण लावलेल्या तोंडानं कसं बोलणार होतो? मी फोनवर म्हणालो, तिथंच करा.

आता तू म्हणशील, जाऊ दे बे. हे तुझं 'जाऊ दे बे' मला आयुष्यभर पुरलं आणि त्यानंच माझं वाटोळं केलं. आज जाऊ देणार नाही. पहिल्यापासून सांगतो, म्हणजे दोष कुणाचा किती ते तरी एकदाचं ठरेल.

आपण दोघं एकाच यादीतले. बीड जिल्ह्यात जागा नव्हत्या, कोकणात होत्या, म्हणून मास्तरकी करायला तिकडं निघालो. माजलगावच्या स्टँडवर तू भेटलास. तुझ्याकडं अब्बांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानातली पत्र्याची पेटी, माझ्याकडं आईनं बांधून दिलेले धपाटे. पुण्यापर्यंत धपाटे संपले आणि घाट उतरेपर्यंत दोस्ती झाली. तिसऱ्या दिवशी शाळेपुढं जाऊन समुद्र पाहिला तेव्हा तू पार पाण्याच्या कडेपर्यंत गेलास. मग म्हणालास, "ह्याला पलीकडचा काठच न्हाई." मला तर तेव्हाच भीती वाटली. तुला मात्र हसू फुटलं होतं.

पहिल्याच महिन्यात आपण जो शहाणपणा केला तो धरणाकाठच्या माणसांनीच करावा. माजलगावच्या धरणाचं पाणी आपण लहानपणापासून पाहिलेलं. ते एकदा उतरलं की उतरलं. दिवाळीनंतर मागं मागं सरकतं, उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा पेरतात, पाण्याच्या कडेपर्यंत खुशाल गाड्या नेतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते पाणी माघारी फिरत नाही. त्याच हिशेबानं आपण ओहोटीच्या कडक ओल्या वाळूवर घरून मागवलेली तुझी एम. एच. तेवीस मोटारसायकल स्टँडला लावली आणि वाडीत जेवायला गेलो. जेवून, पान खाऊन आलो तर समुद्र होता, गाडी नव्हती. एक आरसा तेवढा पाण्याच्या वर दिसत होता. मी बोंब मारली. तू कमरेवर हात ठेवून, मोठा शोध लावल्यासारखा म्हणालास, "भाग्या, हे पाणी माघारी येतं." रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसांनी दोर लावून गाडी बाहेर काढली आणि आठ दिवस सगळ्या वाडीला हसायला विषय मिळाला. तू तीन दिवस ती गोड्या पाण्यानं धूत बसलास. चालू झाली, पण तिचा हॉर्न मनाला येईल तेव्हा वाजायचा. एकदा प्रार्थनेच्या वेळी वाजला तेव्हा पोरं हसून हसून खाली बसली होती.

त्या दिवसापासून तू समुद्राचा नाद घेतलास. आपली खोली पुळणीच्या एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला. रस्ता खाडीला वळसा घालून जाणारा, म्हणून आपण रोज वाळूवरून चालत जायचो. ओहोटी असली की पाण्याच्या कडेनं, भरती असली की सुरूच्या बनातून. तिथली म्हातारी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची. मी घरून पंचांग मागवलं. तू पंचांगाबिंगाच्या भानगडीत पडला नाहीस. तुझ्याकडं चांद होता. आज चांदाची किती तारीख एवढं बोटावर मोजायचास आणि माझ्याआधी सांगायचास की भाग्या, आज बनातून जायचं. माझं पंचांग घेऊन मीच दोनदा गुडघाभर भिजलो.

आणि मग ती मोजणी. शाळेच्या झेंड्याच्या खांबापासून भरतीच्या कचऱ्याच्या रेघेपर्यंत किती पावलं होतात ते तू दर रविवारी मोजायला लागलास. आकडा कपाटाच्या पाठीवर खडूनं लिहायचास. पहिल्या वर्षी एकशे साठ होती. पावसाळ्यात समुद्र वाळू नेतो आणि खालचे काळे दगड उघडे पडतात, थंडीत परत आणून टाकतो, हे आपल्याला दोन वर्षांत कळलं. तिसऱ्या वर्षी कळलं की नेतो तेवढी आणत नाही. गावापुढं दगडाचा बंधारा घातला तेव्हा गाव वाचलं, पण बंधारा जिथं संपतो तिथून पुढं, म्हणजे आपल्या शाळेपुढं, वाळू दुपटीनं जायला लागली. सुरूची झाडं मुळं उघडी टाकून एकेक करून तोंडावर पडली. नेलेली वाळू खाडीच्या तोंडाशी जाऊन तिथं नवाच दांडा तयार झाला. तू म्हणायचास, आपल्याकडं गोदावरीतली वाळू ट्रकवाले नेतात, हितं ह्याला ट्रक लागत न्हाई. दर रविवारी अम्मीला फोनवर तो आकडा सांगायचास. तिला काय कळत होतं कोण जाणे, पण ती विचारायची, "किती ऱ्हायलं रे?"

मी नऊ वर्षं त्या वाळूवर फक्त रडलो. तुला आठवतं ना? तू खेकड्यांची बिळं दाखवायचास आणि मी भाकरीला नावं ठेवायचो. दमट हवा, भिजका भात, मासळीचा वास, काहीच माझ्या पसंतीला उतरलं नाही. बायको-पोरगं दिंद्रुडला. मे महिन्यात घरी गेलो तर पोरगं मला काका म्हणालं. ती गोष्ट मी तुला किमान पन्नास वेळा सांगितली असेल. तू प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकलीस. तुझा संसार दोन वर्षांत मोडला होता, ती पुण्याच्या अलीकडं राहायला तयार होती, पलीकडं नाही. त्याबद्दल तू एकदाही बोलला नाहीस. मीही विचारलं नाही. माझ्या रडण्यातून मला सवडच नव्हती.

मग आपल्या जिल्ह्यातल्या चकलांब्याचा निरोप आला. तिथल्या शाळेत एक कोकणातल्या बाई होत्या, त्यांना गावी परत जायचं होतं. आपसी बदली. त्यांच्या जागी आपल्यापैकी एकजण जाऊ शकत होता, एकच. बाई म्हणाल्या, आठ दिवसांत ठरवा, नाहीतर मी दुसरं कुणी बघते. आता खरं बोलू. ती बदली तुझी होती. नोकरीत तू माझ्या सहा महिने आधीचा. अब्बा जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, अम्मी तेलगावला एकटी. एकदा तू तिला तिकडं नेली होतीस तर आठव्या दिवशी ती म्हणाली, पाण्याचा आवाज डोक्यातून जात न्हाई, मला घरी घाल. माझ्या घरी निदान चार माणसं होती. हे मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. तरी मी सात दिवस काही बोललो नाही. तूच बोलशील म्हणून तोंड पाडून फिरलो.

आठव्या दिवशी, रविवार होता, तू म्हणालास, "चिठ्ठ्याबिठ्ठ्या नको. आज मोजतो. शंभराच्या वर आली तर मी जातो, आत आली तर तू जा."

मी मनातल्या मनात तुला अशा शिव्या घातल्या की विचारू नको. कारण मागल्या रविवारचा आकडा कपाटावर होता. एकशे आठ. आठ दिवसांत काय समुद्र धावत येतो? मला वाटलं, ह्याला स्वतःला जायचंय आणि वर न्यायाचं नाटक करतोय. जा ना लेका, सरळ सांग आणि जा. मी खांबापाशी उभा राहिलो. तू पाठ करून चालायला लागलास. मोठ्यानं मोजत होतास, पोरांना पाढे म्हणायला लावतोस तसा. कचऱ्याच्या रेघेवर थांबलास, वळलास आणि ओरडलास, "सत्त्याण्णव!"

मी धावत आलो. तू माझ्या पाठीत गुद्दा घातलास आणि म्हणालास, "जा बे. मला हितं करमतं." आणि चहा टाकतो म्हणून खोलीकडं निघून गेलास. मी एकटा मागं राहिलो. खाली पाहिलं. कोरड्या वाळूवर तुझे ठसे होते. तू उंच माणूस, तुझी टांग लांबच, पण नऊ वर्षं मी तुझ्या ठशांशेजारून चाललोय, मला तुझं पाऊल माहीत आहे. त्या दिवशीचे ठसे तसे नव्हते. पाऊल नीट पडेल तेवढी टांग फाकवून, नाला ओलांडावा तसा तू चालला होतास. टाचा खोल रुतल्या होत्या.

मला त्याच क्षणी कळलं. मी तुझ्या मागं आलो नाही, तुला धरलं नाही, पुन्हा मोज म्हणालो नाही. उलट खांबाकडं परत जाताना तुझा एकेक ठसा चपलेनं मोडत गेलो. भरती तिथवर येणार नव्हती, म्हणून ते काम मी केलं. मग खोलीवर येऊन तुझ्या हातचा चहा प्यालो.

आता सांग, तुला कुणी सांगितलं होतं एवढं मोठेपण करायला? तू भांडला असतास, म्हणाला असतास की भाग्या, माझी आई एकटी आहे, तू गप बस, तर मी दोन महिने तोंड वाकडं करून गप बसलो असतो. आपलं सगळं नीट झालं असतं. पण तू मला असं काही दिलंस की ज्याचे आभार मानायचे तर चोरी कबूल करावी लागते. म्हणून मी आभारही मानले नाहीत. त्यातून सुटायला मी एकच गोष्ट केली. तू जे बोललास ते खरं मानलं. करमतं म्हणाला ना? मग करमत असेल.

परत आल्यावर पहिल्या ईदला मी तेलगावला गेलो. अम्मीनं शीरखुर्म्याची वाटी पुढं ठेवली आणि विचारलं, "तू आलास, तो कावून आला न्हाई?" वाटी हातात होती. मी म्हणालो, त्याला तिथंच करमतं अम्मी, समुद्र सोडवत नाही त्याला. अम्मीचा चेहरा बघून मला वाटलं, पुढच्या वेळी नीट सांगू. पुढच्या वेळीही तेच सांगितलं. थाप दुसऱ्यांदा मारताना सोपी जाते आणि तिसऱ्यांदा ती आपल्याला स्वतःलाच खरी वाटते. गावात कुणी विचारलं तर मी रंगवून सांगायला लागलो, शकील म्हणजे काय, समुद्रवेडा माणूस.

तुझा एकदा फोन आला. म्हणालास, "अम्मीला काय सांगितलंस बे?" आवाजात राग नव्हता, थकवा होता. मीच अंगावर आलो. म्हणालो, मग काय सांगू, तूच बोललास करमतं म्हणून, आता मला विचारतोस? पलीकडं लाटांचा आवाज येत होता. तू म्हणालास, "हां. बोललो खरं." आणि चकलांब्याच्या पोरांबद्दल विचारलंस, हजेरी कशी असते, ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं राहतात का शाळेत. मी सगळं सविस्तर सांगितलं. ते भांडण तिथंच राहिलं. त्यानंतर तुझे फोन कमी झाले आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

तुला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथं पोचलो. शाळेपुढं आता खांबच नाही, तो आणि कुंपणाची भिंत गेल्या पावसाळ्यात गेली म्हणे. पोरं मागच्या अंगणात बसतात. हेडमास्तर नवीन आहेत, भला माणूस. त्यांनी तुझी पेटी माझ्यापुढं ठेवली आणि सहज बोलले, शेख सर दर वर्षी बीडच्या बदलीचा अर्ज भरायचे. सगळ्या पर्यायांत बीडच. दर वर्षी तिकडं जागा नाही असं यायचं आणि सर म्हणायचे, चला, आणखी एक वर्ष मोजू. मी त्यांना विचारलं, किती वर्षं? ते म्हणाले, मी आल्यापासून पाहतोय, आधीचं दप्तरात असेल. दप्तर बघायला मी सांगितलं नाही.

कब्रस्तान बनाच्या पलीकडं, थोडं उंचावर आहे, तुला माहीतच आहे. खालच्या बाजूचा दगडी गडगा ढासळलाय. जमातीच्या माणसानं सांगितलं की खालची जुनी रांग गेली दोन वर्षांमागं, लोकांनी जे सापडलं ते वर आणून पुन्हा ठेवलं. तुझी जागा त्यांनी जमेल तेवढी वर दिली होती. माती ओली होती, वर शिंपल्या होत्या. मी बसलो, उठलो, आणि मोजलं. एकसष्ट. परत आलो आणि पुन्हा मोजलं, आखूड आखूड पावलं टाकत, बाई परकर धरून चिखलातून चालते तसा. नव्वद झाली. तो आकडा घेऊन मी एसटीत बसलो.

अम्मीनं विचारलंच. किती लांब हाय पानी? मी सांगितलं, नव्वद. ती म्हणाली, शाळेपरीस बरं हाय मग, आणि शेजारच्या बायकांना सांगत सुटली. नव्वद पावलं लांब हाय, उंचावर हाय. मी ऐकत बसलो.

परवा तुझा चाळिसावा झाला. फातेहा झाला, माणसं जेवून गेली. दुपारचं ऊन होतं, अम्मी दारात खुर्ची टाकून बसली होती. मला म्हणाली, "भागवत, नव्वद पावलं म्हंजी किती ते मला कळंना. हितून मोजून दाव."

मी उठलो. तिच्या उंबऱ्याला टाच लावली आणि गल्लीनं चालायला लागलो. सुरुवातीला आखूडच टाकत होतो. चार-पाच टाकली असतील. पाठीमागं ती बघतेय हे मला मानेवर कळत होतं. मी थांबलो, उंबऱ्यापर्यंत मागं आलो, आणि पुन्हा निघालो, माझ्या रोजच्या चालीनं, मोठ्यानं मोजत. एकसष्टाव्या पावलाला पिठाची गिरणी आली. मी तिथं उभा राहिलो. गिरणी चालू होती, अम्मीनं काहीतरी विचारलं ते ऐकू आलं नाही. तिनं हातानं विचारलं, पुढं? मी हातानंच सांगितलं, नाही.

परत येऊन तिच्या पायाशी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बदली, कपाटावरचे एकशे आठ, तुझे ठसे, माझी चप्पल, दर वर्षीचे अर्ज. मधे एकदाही तिनं थांबवलं नाही. तिला मी रडून दाखवलं नाही, तेवढी तरी लाज होती. सांगून झाल्यावर ती गिरणीकडं बघत राहिली.

"सात वर्सं मी त्याला बोलले," ती म्हणाली. "आइतवारच्या आइतवार. समुद्राशी निका लावलास का म्हनायची. नुसता हासायचा."

तिनं खुर्चीला टेकवलेली काठी जवळ ओढली.

"अन् शेवटाला मीच म्हनले, तिथंच ठिवा."

हे ती मला उद्देशून बोलली नाही. मला शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर मी उठून तिचे पाय तरी धरले असते. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, तो समुद्र वर्साला किती खातो. मी म्हणालो, आठ-दहा पावलं, एखाद्या वर्षी कमी. तिनं बोटं मोजली. पुन्हा मोजली. एकदा दफन केल्यावर तुला बाहेर काढून इकडं आणता येत नाही हे तिलाही माहीत, मलाही माहीत. तसा सवाल तिनं केला नाही.

"दर वर्साला जायाचं," ती म्हणाली. "मोजायचं. हितं यिऊन मला सांगायचं. मी हाय तवर मला, मग तुझं तुला."

मी हो म्हणालो.

"अन् पावलं सरळ टाकायची. त्याच्यावानी लांब न्हाई, तुझ्यावानी आखूड न्हाई."

एवढं बोलून ती काठी टेकत आत गेली. मी पायरीवर बसून राहिलो. आत भांड्यांचा आवाज येत होता. चाळिसाव्याची पातेली ती घासायला काढत होती. थोड्या वेळानं मला कळलं की मी कशाची वाट बघतोय. सोळा वर्षांत त्या घरातून मी चहा न पिता कधी उठलो नव्हतो. परवा उठलो.